उजवीकडून सुरू होणारं नाव

आमच्या घरात मूल बोलायला लागलं का, हे कुणी विचारत नसे. चिमूट धरायला लागलं का, ते विचारत. जूचंद्र गावात तेव्हा दारोदार रांगोळी होती, पण आमच्या बाबांची रांगोळी गावाबाहेरही जायची. ते माणसांचे चेहरे काढायचे. कपाळावरची आठी, म्हातारीच्या गालाची सुरकुती, डोळ्यात अडकून राहिलेलं पाणी, सगळं त्या भुकटीतून उठायचं. दिवाळी जवळ आली की ओटीवर गोणपाटं अंथरून रंग कालवायला घेत. आईला आम्ही आय म्हणायचो; आयची चाळणी सकाळपासून खरखरत असे, बाबा मधूनच एखादी चिमूट उन्हात धरून "अजून जाड हाय" म्हणून परत टाकत, आणि पांढरी धूळ घरभर अशी बसायची की वालाच्या बिरड्यातही दाताखाली कचकच लागे. तक्रार केली तर बाबा म्हणायचे, "खा गुमान. त्यानंच हात वलतो."

माझाही हात वळत होता, फक्त तो डावा होता. एरवी त्याचं कुणाला काही नव्हतं. शाळेत बाईंनी दोनचार पट्ट्या मारून नाद सोडला, आयने भाकरी थापताना मला उलट्या बाजूला बसवायची सवय करून घेतली. पण रांगोळीत डावा हात म्हणजे पंचाईत. भाऊ नि मी शेजारी बसलो की कोपराला कोपर लागून त्याच्या मोराची मान मोडे. शिवाय डावीकडून सुरुवात केली तर माझाच पंजा माझ्या रेषेवरून फिरे, म्हणून मी आपली उजवीकडून सुरू करून डावीकडे सरकत यायची. घरातली सगळी रांगोळी एका दिशेला चाललेली आणि मी एकटी उलट. ओटीवर, परसात हे चालून गेलं असतं, पण सणाच्या दिवशी उंबऱ्यापुढे नाही. तिथे बाबांचा आवाज हटकून यायचा, "वंदे, हात बदल." रागाने नाही, अगदी साध्या आवाजात, दूध उतू चाललंय म्हणावं तसं. मी हात बदलायची, रेषा थरथरायची, आणि मग आयच ती पुसून पुन्हा काढायची. पुढे पुढे मी सणाला दारात बसायचंच सोडलं. मला रंग चाळायला आवडतात, असं मी सगळ्यांना सांगत असे. तेही खोटं नव्हतं म्हणा.

कॉलेज संपल्यावर मी वसईला अंथोनी काकांच्या दुकानात लागले ते याच हाताच्या जोरावर. काकांचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक कॉम्प्युटर, एक रेडियम कापायचं मशीन आणि कायम गळणारा कूलर. गाड्यांचे नंबर, दुकानांचे बोर्ड, नाताळचे कंदील, लग्नाचे बॅनर, मयताच्या पाट्या, काय येईल ते. कॉम्प्युटरवर अक्षरं लावायची, मशीन रंगीत रेडियममध्ये ती कापून देई, मग ब्लेडच्या टोकाने आतला नको तो भाग सोलून काढायचा आणि बोर्डावर चिकटवायचं. सोलायचं काम नाजूक. काकांच्या जाड बोटांनी 'क्ष'चं पोट हमखास फाटायचं. माझ्या हातून कधी फाटलं नाही. काका म्हणायचे, "ही पोरगी भुकटीतून चेहरे काढणाऱ्यांची आहे, हिला रेडियम म्हणजे काय." माझा हात डावा आहे हे त्यांच्या लक्षात यायला महिने लागले, आणि आल्यावर त्यांनी फक्त कात्री कुठे ठेवायची ती जागा बदलली. त्या माणसाला मी त्या एका गोष्टीसाठी आजही मानते.

एक दिवस दुकानात माझ्यापेक्षा थोडी मोठी मुलगी आली. डॉक्टर नसीम. वसई गावात मशिदीच्या मागच्या गल्लीत तिचा दवाखाना निघणार होता. मराठी शाळेत शिकलेली, पुढे हॉस्टेलवर वाढलेली. आपल्या कुणाहीपेक्षा शुद्ध मराठी बोलायची. तिला बोर्डावर मराठी, इंग्रजी आणि उर्दू अशा तिन्ही लिप्यांत नाव हवं होतं. उर्दू का, असं काकांनी सहज विचारलं, तर ती खुर्चीत नीट बसली आणि म्हणाली, "माझ्या अम्मीसाठी. ती उर्दू शाळेत शिकली. मराठी बोलते, पण वाचता येत नाही. आयुष्यभर या गावात राहिली, पण एस्टी कुठली ते विचारते, औषधाचं दुकान कुठलं ते विचारते. परवा म्हणाली, तुझ्या दवाखान्याचा बोर्ड लागला की मला वाचून दाखव. म्हटलं, नाही. हा एक बोर्ड ती स्वतः वाचेल." वडील लवकर गेलेले, अम्मीने शिलाई करून तिला डॉक्टर केलेलं. अम्मीला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर बोर्डावरची चादर काढायची आणि अम्मीने वाचायचं, असं ठरलं होतं.

आता खरी गोष्ट अशी की आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला उर्दूचा गंधही नव्हता. मराठीलाच ते रडतखडत यायचं. पहिली वेलांटी आधी टाइप करावी लागे आणि रफार कुठल्या तरी भलत्याच कळीवर बसलेला असे. काकांनी कुठून तरी फ्लॉपीवर उर्दू फॉन्ट मिळवला. मी लहान मुलांचा उर्दू कायदा, म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक, आणला, त्यातलं एकेक अक्षर पाहायचं, फॉन्टमध्ये शोधायचं, आणि शेजारी शेजारी ठेवायचं. नून, सीन, ये, मीम. अक्षरं सुटी सुटी उभी राहिली, डावीकडून उजवीकडे, शाळेत प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलांसारखी. नसीम पाहायला आली. लहानपणी मदरशात ती अक्षरं शिकली होती, पण हॉस्टेलला गेल्यावर सगळं पुसून गेलं होतं, नुसती सुटी अक्षरं ओळखू यायची. तिने पडद्यावर बोट ठेवून वाचलं, "नून, सीन, ये, मीम. बरोबर आहे." तिचं बोट डावीकडून उजवीकडे गेलं. आम्हा तिघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. इतकी वर्षं मराठी वाचून तिचे डोळेही आमच्यासारखेच झाले होते, आणि ज्या एका माणसाने चूक पकडली असती त्याच्यापासूनच आम्ही बोर्ड लपवत होतो. निळं रेडियम कापलं, सोललं, चिकटवलं. बुधवारी बोर्ड चढला, वर चादर बसली.

गुरुवारी सकाळी बोर्डाचा एक कोपरा सुटतोय म्हणून नसीमचा निरोप आला. मी जाऊन तो बसवला, आणि तिने हाताला धरून मला वरच्या मजल्यावर घरी नेलं. अम्मी स्वयंपाकघरात सांदणं उकडत होत्या. नारळाच्या दुधाचा आणि वाफेचा वास जिन्यातूनच यायला लागला होता. ठेंगण्या, गोऱ्या, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात मोजपट्टी तशीच लटकलेली. "बस बेटा, गरम आहे, खाऊनच जायचं," म्हणाल्या. मी पलंगावर बसले. शेजारी उशी होती, तिच्या अभ्र्यावर लाल दोऱ्याने काहीतरी भरलेलं होतं. एकच सलग रेष, उजवीकडे वर सुरू होऊन लहरत लहरत डावीकडे खाली उतरलेली, वर एक ठिपका, खाली दोन ठिपके, शेवटी एक गाठ आणि खाली वळलेली शेपूट. मला ते फार आवडलं. म्हटलं, ही कुठली नक्षी? नसीम हसून म्हणाली, "नक्षी कसली, माझं नाव आहे. अम्मीने मी पाळण्यात असताना भरलेलं."

सांदणाचा तुकडा माझ्या हातातच राहिला. मी हळूच विचारलं, "मग बोर्डावर आहे ते काय आहे?" नसीम म्हणाली, "तेच. ते छापील, हे हाताचं. इंग्रजीत नाही का, छापील वेगळं आणि पत्रातलं वेगळं." आधी मलाही तसंच वाटलं होतं. पण मी रांगोळीवाल्यांची पोर; रेष कुठून निघाली आणि कुठे संपली हे मला न विचारता दिसतं. त्या रेषेचा पहिला टाका उजवीकडे होता. एक ठिपका उजवीकडच्या टोकावर होता, आणि आमच्या बोर्डावर तोच ठिपका डावीकडच्या टोकावर होता. मी नसीमच्या कानात सांगितलं. तिने उशीकडे पाहिलं, ओठ हलवले, पुन्हा पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. "आपण उलटं लिहिलंय," ती पुटपुटली. "आणि तोडून लिहिलंय. ती वाचेल आणि काहीच म्हणणार नाही, वंदना. छान आहे म्हणेल. मला माहीत आहे ती." तेवढ्यात अम्मी चहा घेऊन आल्या. मी घाईघाईने म्हटलं, अम्मी, हा टाका मला शिकायचाय, अभ्रा एक दिवस नेऊ का? त्यांनी उशीवरून अभ्रा काढला, झटकला, घडी घालून माझ्या हातात दिला. "ने की. पण त्याला आता कोण विचारतंय, जुना झाला."

दुकानात अंथोनी काकांनी आधी डोकं खाजवलं. "अगं, कोण वाचणार आहे ते? दिसायला तर झकास दिसतंय." मी म्हटलं, "एक जण वाचणार आहे काका, आणि तिच्यासाठीच आहे." मग ते खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसले. अक्षरं उलट्या क्रमाने टाइप केली. क्रम बरोबर आला, पण जोडली जाईनात. एकमेकांना चिकटवली, तर प्रत्येकाचं पोट मध्ये येऊन आडवं बसे. शेवटी काकांनी बोर्डावरचं जुनंच नाव पडद्यावर आणलं, सगळं निवडून आरसा करायची कळ दाबली आणि विजयी मुद्रेने मागे टेकले, "घे, झालं उजवीकडून सुरू." मी अभ्रा पडद्याशेजारी धरला. आता क्रमही बरोबर होता आणि शेपूटही होती, फक्त सगळी सुटी अक्षरं पाठ फिरवून बसल्यासारखी दिसत होती. काकांनी छातीवर क्रॉस केला आणि म्हणाले, "हे मशीन ख्रिस्ती पण नाही, हिंदू पण नाही आणि मुसलमान तर नाहीच नाही."

आता हे सांगताना हसू येतं. परवा माझ्या भाचीने मोबाइलवर 'नसीम' लिहून दाखवलं. ती एकेक अक्षर दाबत होती आणि ती अक्षरं आपोआप सरकून, आपलं पोट आत घेऊन, शेजारणीचा हात धरत होती. उजवीकडून डावीकडे, कुणीही न सांगता. भाची म्हणाली, "यात काय एवढं बघतेस, मावशी?" तिला काय सांगणार? त्या गुरुवारी मला हे एवढंच हवं होतं, आणि जगात ते कुठेतरी असलंच तरी वसई स्टेशनसमोरच्या आमच्या गल्लीत नव्हतं. ज्यांनी कुणी ते घडवलं त्यांचं भलं होवो. पण तेव्हा मी रेडियमचा निळा गुंडाळा आणि अभ्रा पिशवीत घातला आणि काकांना म्हटलं, "मी घरी जाते. हे हातानेच कापावं लागेल."

घरी पोचले तेव्हा ऊन उतरायला अजून अवकाश होता. आयने ताटात भाकरी नि जवळ्याची चटणी वाढली, पण मी ताट बाजूला सारलं. अभ्र्यावरचं नाव वीतभर, बोर्डावर ते हातभर हवं. ओटीवर शेण सारवून सुकलेली जागा होती. मी अभ्र्यावर चौकटी मानून जमिनीवर मोठ्या चौकटी आखल्या. चेहरे मोठे करायची बाबांची रीत होती ती. मग चिमूट घेतली आणि बसले. सवयीने उजव्या हातात घेतली, कारण बाबा दाराशीच बसले होते. रेष सुरू केली आणि ती तिथेच थरथरली. पुसली, पुन्हा काढली, पुन्हा तेच. आय आतून म्हणाली, "सगलं इस्कटलं, जेवन तरी कर आधी. कोनाचं नाव हाय यवरं?" मी सांगितलं. एका आईला वाचायचंय आणि उद्याच वाचायचंय, हेही सांगितलं. माझा आवाज रडवेला झाला असावा, कारण बाबा उठून जवळ आले. गुडघ्यावर हात ठेवून अभ्र्यावर वाकले आणि बराच वेळ ती लाल रेष पाहत राहिले.

"ही इकरून निघालीय," ते उजव्या टोकावर बोट ठेवून म्हणाले. मी म्हटलं, हो. "आनि तू नेहमी इकरूनच काढतंस." त्यांनी माझ्या उजव्या हातातली भुकटी आपल्या तळव्यावर झाडून घेतली आणि तो तळवा माझ्या डाव्या हातापुढे धरला. "काढ. हात बदलू नको." मी चिमूट घेतली. रेष उजवीकडे वर सुरू झाली, दात काढत उतरली, वळली, आणि शेपटीपर्यंत एका दमात खाली आली. ठिपके द्यायचे राहिले होते. ते तर आमच्या रांगोळीतच जन्मलेले. बाबांनी मान हलवली. कौतुकाला त्यांच्याकडे तेवढंच असायचं. मग रेडियमवर पेन्सिलने तेच काढलं, त्यांनी कडा दाबून धरल्या आणि मी ब्लेड फिरवलं. ते दुसऱ्या बाजूला बसले होते, त्यामुळे कोपराला कोपर लागला नाही. संध्याकाळी त्या ताटातली गार भाकरी मी इतक्या भुकेने खाल्ली की आय पाहतच राहिली.

शुक्रवारी सकाळी नसीम चादर धरून उभी राहिली आणि चादरीआड शिडीवर उभी राहून मी जुनी अक्षरं खरवडली, नवं नाव लावलं. दुपारी गल्लीत पंचवीसेक माणसं जमली. अंथोनी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. अम्मींना खुर्ची दिली होती, पण त्या उभ्याच होत्या. चादर निघाली. त्यांनी सवयीप्रमाणे मराठी नावाकडे पाहून नुसती मान डोलावली आणि लेकीकडे वळून म्हणाल्या, "काय लिहिलंय, सांग ना." नसीमने फक्त खाली बोट दाखवलं. अम्मींनी चष्मा वर सरकवला. त्यांचं बोट हवेत उठलं, उजवीकडे थांबलं, आणि हळूहळू डावीकडे उतरत आलं. बोट शेपटीशी पोचलं आणि त्या अगदी हळू म्हणाल्या, "नसीम." मग पुन्हा, जरा मोठ्याने. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय असतं ते मला त्या क्षणी कळलं; मी शिडीच्या पायरीवर बसकण मारली.

अम्मी मात्र अजून बोर्डाकडेच पाहत होत्या. "ही मीमची शेपूट," त्या म्हणाल्या, "अशी कुणी वळवत नाही. माझी अम्मा ओरडायची मला त्यावरून." त्यांनी गर्दीत मला शोधलं. "म्हणून उशी बोडकी केलीस होय? टाका शिकायचा होता म्हणे." त्या हसत होत्या आणि चष्म्याखालून पदराने डोळे पुसत होत्या. "नुक्ते जरा जाड झालेत," त्यांनी पुढे जोडलं. मी म्हटलं, "आमच्याकडे ठिपके जाडच असतात, अम्मी." नसीम अम्मीच्या गळ्यात पडली आणि लहान मुलीसारखी रडली. त्या दिवाळीला उंबऱ्यापुढची रांगोळी मी काढली, डाव्या हाताने. बाबा तिथेच सुपारी कातरत बसले होते.

पण त्या दुपारची एक गोष्ट राहिली. सगळे आत सरबत प्यायला गेले आणि मी बाहेर शिडी बांधत होते. अम्मी पायरीवर एकट्याच उभ्या होत्या. रस्त्याने डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली एक बाई चालली होती, ती नवा बोर्ड पाहून थांबली आणि तिने अम्मींना विचारलं, "काय उघडलंय हो इथं? कुनाचा हाय?" आयुष्यभर लोकांना असंच विचारत आलेल्या अम्मींनी पाठ ताठ केली, मागे वळून बोर्डाकडे पाहिलं, आणि सावकाश, उजवीकडून, वाचून सांगितलं.